मागची सळसळ: दोष कीं साक्ष?



गेल्या महिन्यांत माझा एक जुना विद्यार्थी एक ध्वनिमुद्रिका काखोटीस मारून घरीं आला. अमेरिकन जॅझ संगीताचा त्याला भारी नाद. बिल एव्हन्स या पियानोवादकाच्या ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’ या १९६१ सालच्या मुद्रणाची ती नवी, चोखंदळ रसिकांसाठीं मुद्दाम काढलेली महागडी आवृत्ति होती. “मास्तर, एवढे पैसे मोजले, आणि ऐकावें तों मागें सारखी सळसळ, पेल्यांचा किणकिणाट आणि लोकांची कुजबूज! उद्यांच परत करतों.” मीं म्हटलें, “अवश्य कर. पण आधीं हे आवाज येतात कोठून, तें तर पाहूं.” त्या संध्याकाळीं आम्हांला जें उमगलें, तेंच आज आपणांपुढें मांडतों.

असा आवाज तीन ठिकाणांहून येतो: तबकडींतून, फितींतून आणि प्रत्यक्ष खोलींतून.

प्रथम तबकडी. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्या लाखेच्या असत, आणि ती लाख बहुतांशीं आपल्याच देशांतून परदेशीं जाई. लाखेंत दगडाची बारीक पूड मिसळीत. त्या खरखरीत पृष्ठावरून सुई घासत जाई. १९२३ सालीं इंडियाना राज्यांतील रिचमंड येथें किंग ऑलिव्हरच्या वाद्यवृंदाचें मुद्रण झालें, तेव्हां मायक्रोफोनचा वापरहि सुरू झाला नव्हता. मोठ्या कर्ण्यासमोर वाजवावयाचें, आणि कर्ण्याच्या दुसऱ्या टोकाशीं सुईनें मेणावर रेघ कोरावयाची. तरुण लुई आर्मस्ट्राँगचा कॉर्नेट आपण आज ऐकतों, तो या खरखरीच्या पडद्याआडूनच.

दुसरी चुंबकीय फीत. ही १९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकन मुद्रणगृहांत रूढ झाली. तिच्यावर लोहाच्या गंजासारख्या पदार्थाचे असंख्य सूक्ष्म कण पसरलेले असतात. फीत कोरी असली, तरी त्या कणांचें चुंबकत्व सर्वत्र सारखें नसतें, आणि तो विस्कळितपणाच अखंड सळसळीच्या रूपानें ऐकूं येतो. ही सळसळ दाबणारी डॉल्बीची युक्ति १९६५ नंतरची. १९६१ च्या फितीला तिचा लाभ कोठून मिळणार? शिवाय फितीवरून फीत उतरविली, कीं दर वेळीं नवी सळसळ मिसळते. म्हणून उत्तम आवृत्ति थेट मूळ फितीवरून काढतात. मात्र तिच्यांत तीव्र स्वर शाबूत असल्यामुळें मूळची सळसळहि तितकीच स्वच्छ ऐकूं येते.

यांतली कोणती सळसळ कोणाची, हें घरींहि ओळखतां येतें. सुई कांठावर टेकल्यापासून फितीचा आवाज सुरू होईपर्यंत जें ऐकूं येतें, तें तबकडीचें. आजची मोठी तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्यास १.८ सेकंद लागतात. तेवढ्याच अंतरानें टिकटिक होत राहिली, तर दोष तबकडीचा. आमच्या तबकडींत अशी एक टिकटिक होती. मऊ कुंच्यानें धूळ झाडतांच ती थांबली. सळसळ मात्र राहिली. म्हणजे ती फितीची.

“मग यंत्रानें ती काढून कां टाकली नाहीं?” त्यानें विचारलें. मीं त्याला तीव्र स्वरांची खुंटी खालीं फिरवावयास सांगितलें. सळसळ गेली, पण तिच्याबरोबर पॉल मोशन तारांच्या कुंच्यांनीं ताशावर जी हलकी फेर धरीत होता, तीहि गेली, आणि झांजेची विरत जाणारी झंकारहि गेली. कोंडा आणि कणी एकाच वजनाची असली, तर सूप काय निवडणार? १९८० नंतर संगणकाच्या साहाय्यानें हीच निवड पुष्कळ कौशल्यानें करतां येऊं लागली. क्षणिक टिकटिक तो सुरेख काढतो. परंतु अखंड सळसळ काढतांना हात जरा जड पडला, कीं वाद्याभोंवतालची हवाच नाहींशी होते.

आतां राहिली ती खोली. २५ जून १९६१, रविवार. न्यूयॉर्कमधील व्हिलेज व्हॅनगार्ड या तळघरांतील लहानशा संगीतगृहांत एव्हन्स, मोशन आणि उभें बास वाजविणारा स्कॉट लाफारो, असे तिघे दुपारीं दोनदां आणि रात्रीं तीनदां वाजवावयास बसले. कांहीं श्रोते ऐकत होते, कांहीं बोलत होते, पेले वाजत होते. त्या दिवसानंतर अवघ्या अकरा दिवसांनीं, ६ जुलैला, लाफारो मोटारच्या अपघातांत मरण पावला. त्याचें वय २५ होतें. या तिघांचें एकत्र वादन पुन्हां मुद्रित झालें नाहीं. ज्यांची कुजबूज आपल्याला खटकते, त्यांच्यापैकीं कोणालाहि हें ठाऊक नव्हतें.

हें सांगितल्यावर माझा विद्यार्थी कांहीं वेळ बोलला नाहीं. मग त्यानें खुंटी पुन्हां होती तेथें आणून ठेवली, सुई आरंभीं टेकविली, आणि आम्ही दोघांनीं ती बाजू शेवटपर्यंत ऐकली. पेल्यांचा किणकिणाट आला, तेव्हां तो हळूच म्हणाला, “मास्तर, लाफारोनेंहि हा आवाज ऐकला असेल, नाहीं?”

ध्वनिमुद्रिका त्यानें परत केली नाहीं. आपणांपैकीं कोणी अशी आवृत्ति घेतली, तर टिकटिकीबद्दल दुकानदाराशीं जरूर भांडावें. सळसळीबद्दल भांडण्यापूर्वीं मात्र ती एकदां अंधारांत बसून ऐकावी.