प्रत्येक कोमेजणे तहान नसते

गुढीपाडवा होऊन पंधरवडा उलटला की परसबागेचे रूप बदलते. हिवाळ्यातली मेथी, पालक, कोथिंबीर फुलावर येऊन संपलेली असते. त्यांच्या जागी फेब्रुवारीत टोकलेली भेंडी-गवार गुडघ्याएवढी होते, दुधी आणि दोडका मांडवावर चढतात, मोगरा कळ्यांनी भरतो. आणि नेमक्या याच दिवसांत नळाचे पाणी कमी होते. दुपारी झाडांनी माना टाकल्या की आपला जीव कळवळतो आणि आपण बादली घेऊन धावतो. पण जरा थांबा.

पाने बारीक छिद्रांतून सतत बाष्प सोडत असतात. भर दुपारी हा खर्च मुळांच्या मिळकतीपेक्षा जास्त होतो, म्हणून पान लवते. लवलेल्या पानाला ऊनही कमी लागते. संध्याकाळी तेच झाड पुन्हा ताठ उभे राहते. तेव्हा परीक्षा दुपारी नव्हे, सकाळी घ्यावी. सूर्योदयालाही पाने मलूल असतील तर झाड खरेच तहानलेले आहे. शंका वाटली तर मातीत दोन पेरे बोट घालावे. आत ओल लागली तर पाणी नको. सतत चिखलात राहिलेले मूळ गुदमरते, कुजते, आणि मग झाड पाण्यात उभे राहून कोमेजते.

पाणी पहाटे किंवा दिवेलागणीला, बुंध्याभोवती द्यावे. वाफ्याला रोज शिंपडण्यापेक्षा दोन-तीन दिवसांनी खोलवर मुरेल असे द्यावे. रोजच्या शिंपण्याने मुळे वरच्या थरातच राहतात, आणि तोच थर सर्वांत जास्त तापतो. कुंडीत माती थोडी, तिला मात्र बहुधा रोज लागते. मातीवर वाळक्या पानांचा किंवा उसाच्या पाचटाचा दोन-तीन इंच थर घातला की ओल टिकते. वेलाच्या आळ्यात न भाजता गळणारे असे काही नको, साधे मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवावे. ते पाझरत राहते. ही युक्ती सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या चिनी शेतीग्रंथातही सांगितलेली आहे.

काही दुखणी पाण्याची नसतातच. टोमॅटोची फुले गळतात, कारण पारा पस्तीस अंशांच्या वर गेला आणि रात्रीही उकाडा राहिला की पराग निकामी होतात. तिथे पाणी वाढवून उपयोग नाही. पश्चिमेच्या बाजूने जुनी सुती साडी बांधून सावली केली तर थोडा फरक पडतो. भेंडीच्या शिरा पिवळ्या पडल्या तर तो हळद्या. पांढरी माशी तो पसरवते. असे झाड उपटून टाकावे. पानाखाली बारीक जाळे दिसले तर लाल कोळी आला समजा. पानाची खालची बाजू पाण्याने धुऊन काढावी.

दुधीची पहिली फुले गळाली म्हणून घाबरू नये. ती नरफुले असतात, आणि उष्ण दिवसांत ती जास्तच येतात. मादीफुलाच्या मागे इवलासा दुधी दिसतो. दुधी-दोडक्याची फुले संध्याकाळी उमलतात. तेव्हा नरफूल तोडून मादीफुलाच्या मध्यभागी हलके टेकवावे. काकडी आणि तांबडा भोपळा सकाळी उमलतो, त्यांचे काम सकाळी करावे.

आता प्रश्न, पाणी आणायचे कुठून? तांदूळ-डाळ धुतलेले, भाजी धुतलेले पाणी झाडांना चालते. आमच्या घरी वजूचे पाणी टोपात धरतात, ते मोगऱ्याला जाते. त्यात साबण नसतो. कपड्यांच्या पावडरीचे पाणी नको. आरओ यंत्रातून बाहेर पडणारे पाणी खारट असते, तेही कुंडीत रोज नको.

तरीही पुरले नाही तर निवड करावी लागते. आधी कढीपत्ता, मोगरा, लिंबू ही वर्षानुवर्षांची झाडे. मग फळ धरलेला वेल. शेवटी पालेभाजी, ती पावसाळ्यात पुन्हा होईल. मोगरा नव्या फुटीवर फुलतो, म्हणून बहर ओसरला की शेंडे खुडावेत. सदाफुली आणि चिनी गुलाब थोडक्या पाण्यात भागवतात. फळ न धरणारा टोमॅटो मेमध्ये काढून टाकायला मन धजत नाही, पण त्याच्या वाटचे पाणी कढीपत्त्याला जगवते.

आणखी एक. निरोगी झाडावरची एखादी भेंडी, एखादा दोडका न तोडता वाळू द्यावा. परभणीच्या कृषी विद्यापीठाने १९८५ साली दिलेल्या ‘परभणी क्रांती’सारख्या सरळ वाणाचे बी घरी राखता येते. संकरित वाणाचे तसे उतरत नाही. ते बी राख लावून कोरड्या डब्यात ठेवावे. मृगाचा पाऊस पडून माती भिजली की टोकायला ते हाताशी असते.