हॉपची वेल

ज्या वनस्पतीचा मुख्य उपयोग बिअर नांवाचें पेय कडू करण्याकडे होतो, तिची माहिती कुटुंबांत वाचल्या जाणाऱ्या मासिकांत कशाला, असें मनांत येऊन कांहीं वाचक कपाळास आठ्या घालतील. त्यांस एवढेंच निवेदन कीं, येथें मद्याचें स्तोत्र गावयाचें नाहीं. एका वेलीचें चरित्र सांगावयाचें आहे.

हॉप ही भांगेच्या कुळांतली. पण भांगेची नशा हिच्यांत नाहीं. लिनीयसनें १७५३ सालीं हिला ‘ह्युम्युलस ल्युप्युलस’ असें शास्त्रीय नांव दिलें. त्यांतील दुसऱ्या पदाचा लॅटिन अर्थ ‘लहानसा लांडगा’. भांगेप्रमाणेंच हिच्यांतही नर आणि मादी हीं झाडें निरनिराळीं असतात. मादीवेलीस हिरवट, कागदी खवल्यांचे, शंकूच्या आकाराचे फुलोरे येतात. खवला बाजूस सारून पाहिलें असतां त्याच्या बुडाशीं पिवळीधमक चिकट पूड दिसते. तिला ल्युप्युलिन म्हणतात. हॉपची सारी किंमत या चिमूटभर पुडीची! नराचा उपयोग नवी जात निर्माण करण्यापुरता. त्याचे पराग उडून मादीस बीं धरूं नये म्हणून जर्मनीच्या हॉपप्रदेशांत रानांतल्या नरवेलीही उपटून टाकतात. मुलगा झाला तर पेढे आणि मुलगी झाली तर बर्फी, असा भेद करणाऱ्या आमच्या मंडळींनीं ही शेती एकदां अवश्य पाहावी.

हिचें मूळ जमिनीखालीं वीस-वीस वर्षें जगतें; वरचा विस्तार मात्र दर हिवाळ्यांत मरतो. वसंतांत नवे कोंब फुटतात आणि तीन-साडेतीन महिन्यांत सहा-सात मीटर उंच तारेच्या टोकास पोंचतात. हवा अनुकूल असली कीं एका दिवसांत वीतभरही वाढ होते. द्राक्षवेलीसारखे तणावे हिला नसतात. खोडावरील आंकड्यांसारख्या राठ केसांनीं आधारास धरून ती पिळे घालीत चढते. आणि चढते ती प्रदक्षिणेच्या दिशेनें! आपल्या परसांतील घेवडा पाहा. त्याचे पिळे उलटे, अप्रदक्षिण पडतात. चार्ल्स डार्विन हा आजारपणामुळें खोलींत अडकून पडला असतां त्यानें कुंडींतल्या हॉपच्या शेंड्यावर नजर ठेविली. उष्ण दिवसांत शेंड्याच्या एका फेऱ्यास सरासरी दोन तास आठ मिनिटें लागतात, असें मोजून तें त्यानें १८६५ सालीं प्रसिद्ध केलें. अंथरुणावर पडल्यापडल्या कुरकुरणारे पुष्कळ. वेलीचे फेरे मोजणारा विरळा.

ही वेल आपल्याकडे कां होत नाहीं? कारण केवळ उष्णता नव्हे. हिवाळ्यांत तिला थंडींतील विश्रांति हवी असते आणि उन्हाळ्यांत दिवस लांब हवा असतो. बव्हेरियांतील हालरटाउ प्रदेशांत मोठ्यांत मोठा दिवस सोळा तासांचा. पुण्यास तो तेरा तासांहून थोडाच अधिक. दिवस आंखूड मिळाला कीं वेल पुरती वाढण्यापूर्वींच फुलावर येते. म्हणून साधारण ३५ ते ५५ अक्षांशांचा पट्टा हेंच तिचें घर. हिमालयांत लाहौलच्या उंच खोऱ्यांत मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तिची लागवड झाली.

फ्रान्समधील कोर्बी मठाच्या ८२२ सालच्या लेखांत हॉपचा उल्लेख आहे. बाराव्या शतकांतील जर्मन साध्वी हिल्डेगार्ड हिनें, हॉप मनुष्यास खिन्न करते, परंतु तिच्या कडवटपणानें पेय नासत नाहीं, असें लिहून ठेविलें. निरीक्षण अचूक आहे. ल्युप्युलिनमधील आम्लें उकळलीं म्हणजे रूप पालटतात. पेय आंबविणाऱ्या पुष्कळ जंतूंस तीं वाढूं देत नाहींत, किण्वाचें काम मात्र बिनबोभाट चालूं देतात. १५१६ सालीं बव्हेरियांत जव, पाणी व हॉप यांखेरीज बिअरमध्यें कांहीं घालूं नये असा हुकूमच निघाला. अठराव्या शतकांत आफ्रिकेस वळसा घालून हिंदुस्थानांत येणाऱ्या जहाजांवर कंपनीच्या गोऱ्या लोकांसाठीं पिंपें चढत, त्यांत हॉप जास्त घालीत, तें याचसाठीं.

घरगुती उपयोगही आहेत. पावाचें आंबवण इंग्रज गृहिणी हॉपच्या काढ्यांत करीत. झोंप यावी म्हणून वाळलेले फुलोरे उशींत भरीत. बेल्जममध्यें कोंवळ्या कोंबांची भाजी खातात, व ती स्वस्त नसते.

परंतु हें पीक काढणाऱ्यांची हकीकत मला या साऱ्याहून मोठी वाटते. इंग्लंडच्या केंट परगण्यांत सप्टेंबर आला कीं लंडनच्या पूर्व भागांतील गरीब बायका मुलांबाळांसह खोडणीस जात. पुरुष कामावर; म्हातारी आजी, कडेवरचें पोर, भांडींकुंडीं सगळें बरोबर. राहावयास पत्र्याची किंवा लांकडी खोपटी, निजावयास गवत. मजुरी मापावर, आणि माप घेणारा फुलोरे दाबून भरी, म्हणजे मजुराच्या घामाचें माप भरतां भरत नसे. आमच्याकडील मळणीच्या खळ्यावर असले माप घेणारे कोणीं पाहिले नाहींत? तरीही पुष्कळांस वर्षांतून तेवढीच मोकळी हवा मिळे, म्हणून तीं पुढल्या सालची वाट पाहात. १८४९ सालीं ईस्ट फार्लीस यांतील ४३ जण पटकीनें गेले. २० ऑक्टोबर १८५३ रोजीं हार्टलेक येथें मेडवे नदीस पूर आला असतां संध्याकाळीं परतणारी त्यांची गाडी लांकडी पुलाचा कठडा मोडून पाण्यांत पडली. ३० माणसें बुडालीं. हॅडलो गांवच्या स्मशानभूमींत त्यांचें स्मारक आहे. त्याचा आकार हॉप वाळविण्याच्या, निमुळत्या छपराच्या भट्टीघराचा आहे.

१९५० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत यंत्रें आलीं आणि तीं बायकामुलांची रांग थांबली. ताज्या फुलोऱ्यांतील पाऊणांहून अधिक वजन पाण्याचें. तें उडवून दशमांशावर आणणारीं तीं भट्टीघरें आज केंटमध्यें पुष्कळ ठिकाणीं राहत्या घरांत बदललीं आहेत.