वाटी कुठे पुरते, काटा कुठे हवा

चंद्रपूर, ब्रह्मपुरी, देसाईगंजच्या स्वयंपाकघरांतही आता पास्ता आणि पिझ्झा होतो, आणि कृती बहुधा परदेशी असते. तिच्यात लिहिलेलं असतं, ‘एक कप किसलेलं चेडर चीज’. इथेच अडतं. अमेरिकेच्या कृषी विभागाच्या तक्त्यात एक कप किसलेल्या चेडरचं वजन 113 ग्रॅम आहे, तुकडे केलेल्या चेडरचं 132 आणि वितळलेल्याचं 244. कप तोच, चीज तेच, वजन दुपटीहून जास्त. कप जागा मोजतो, आणि किसाच्या मध्ये भरपूर हवा असते. किस जितका बारीक आणि मोकळा तितकं वजन कमी. बोटांनी दाबलात की लगेच वाढलं.

अमेरिकी कप साधारण 237 मिलिलिटरचा. आपली आमटीची वाटी 150 मिलिलिटरची धरली तर तिच्यात सत्तरेक ग्रॅम किस मावतो. अमूलचा एक क्यूब 25 ग्रॅमचा असतो. म्हणजे कपाला साडेचार क्यूब, वाटीला जेमतेम तीन. एवढं लक्षात ठेवलं की किसण्याआधीच हिशेब होतो.

पनीरचं दुखणं वेगळं. म्हशीच्या लिटरभर दुधाचं साधारण 200 ग्रॅम पनीर होतं, पण फडक्यात ते किती वेळ दाबून ठेवलं यावर त्यातलं पाणी ठरतं. ओलं पनीर काट्यावर जड भरतं आणि ते जास्तीचं वजन पाण्याचं असतं. म्हणून पनीर नीट निथळल्यावरच तोलावं.

मग सगळंच तोलायचं का? नाही. भाताला वाटीच उत्तम. तांदळाचा दाणा टणक, सुटा. तो दरवेळी जवळपास सारखाच बसतो, आणि पाणीही त्याच वाटीने घ्यायचं असतं. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावी दादाजी खोब्रागडे यांनी निवडून वाढवलेला बारीक दाण्याचा एचएमटी घ्या की जाडा तांदूळ. घरातल्या बाईला त्या-त्या तांदळाला किती वाट्या पाणी लागतं ते पाठ असतं. तिथे काटा आणण्याची गरज नाही.

मात्र जिथे मापावर कुणाची कमाई ठरते, तिथे वाटी-पायलीवर भागू नये, असं माझं ठाम मत आहे. किलो-ग्रॅम देशात 1958पासून टप्प्याटप्प्याने लागू झाले. तरी रानातला माल पायलीने मोजला की शीग लावली की हात फिरवून सपाट केली, मोहफुलं दाबली की सैल टाकली, यावर मालाचं वजन बदलतं. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे उठून मोहफुलं वेचणारीचे कष्ट त्या शिगेत फुकट जाऊ शकतात. ओली फुलं जड, वाळलेली हलकी, म्हणून भावही वाळलेल्या मालाचाच धरावा लागतो. केंद्राने 2020 साली सुक्या मोहफुलांचा हमीभाव किलोला 30 रुपये केला, तोही वजनावरच.

लाडवांसाठी मोहफुलं विकत घेणार असाल तर भाव किलोचा करा, फुलं वाळलेली आहेत ना ते पाहा, आणि तोलताना काटा विकणारीला दिसेल असा ठेवा.