मतदान केंद्रात मत हरवू नका

१९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सोलापूरने शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या पां. न. राजभोजांना लोकसभेत पाठविले. त्याच निवडणुकीत बाबासाहेब मात्र मुंबईतून सुमारे १४ हजार मतांनी पराभूत झाले. तेथे प्रत्येक मतदाराला दोन मते होती आणि ७० हजारांहून अधिक मतपत्रिका बाद ठरल्या. त्याविरुद्ध बाबासाहेब व अशोक मेहता यांनी याचिका दाखल केली. ती फेटाळली गेली. मत देणे वेगळे आणि ते मोजले जाणे वेगळे, हा धडा आपण तेथे शिकलो. शिकलो का?

निकालानंतर आम्हा वकिलांकडे लोक येतात. 'यादीत नाव नव्हते', 'माझे मत आधीच कोणी टाकले', 'मालकाने सोडले नाही'. तेव्हा फार थोडे हाती उरते. कायद्याची खरी मदत मतदानाच्या दिवशी, मतदानाच्या खोलीतच मिळते.

पहिली गोष्ट यादी. ओळखपत्र हातात आहे म्हणजे मताचा अधिकार आहे, असे नाही. यादीत नाव हवे. न्यू बुधवार पेठेतले घर सोडून विडी घरकुलात राहायला गेलेल्यांचे नाव अनेकदा जुन्याच यादीत राहते. निवडणूक जाहीर होण्याआधीच ते तपासावे. १९५० या क्रमांकावर माहिती मिळते. मतदार चिठ्ठीवर केंद्र आणि अनुक्रमांक कळतो, पण ती ओळखीचा पुरावा नव्हे. मतदार ओळखपत्र नसेल तर आधार, पॅन, वाहन परवाना, रोजगार हमीचे जॉबकार्ड किंवा फोटो असलेले बँक-पोस्टाचे पासबुक न्यावे.

यंत्रमाग आणि टॉवेल कारखान्यांतील कामगारांनी हे ध्यानात ठेवावे. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १३५-ब नुसार लोकसभा-विधानसभेच्या मतदानादिवशी मतदार कामगाराला भरपगारी सुट्टी आहे. रोजंदारीवाल्यालाही त्या दिवसाचा रोज मिळाला पाहिजे. मालकाची मेहेरबानी म्हणून नव्हे, हक्क म्हणून तो मागा.

आत गेल्यावर 'तुमचे मत झाले' असे सांगितले तर भांडू नका आणि परतही फिरू नका. केंद्राध्यक्षाकडे प्रदत्त मत मागा. ओळख पटली की निवडणूक संचालन नियम ४९-पी प्रमाणे मतपत्रिका द्यावीच लागते. हे मत यंत्रात जात नाही, लिफाफ्यात बंद राहते. पण पुढे कोर्टात लढायचे तर तोच पुरावा असतो. आपल्या मतदान प्रतिनिधींना हा नियम पाठ हवा. अंध वा अपंग मतदाराला स्वतः बटन दाबता येत नसेल तर १८ वर्षांवरील सोबती नेता येतो. तो कोण असावा हे मतदाराने ठरवावे, पुढाऱ्याने नव्हे.

लोकसभा-विधानसभेला बटन दाबल्यावर शेजारच्या यंत्रातील चिठ्ठी सात सेकंद दिसते. ती नीट पाहा. महानगरपालिकेला ती सोय नाही, आणि गोंधळही तेथेच जास्त. २०१७ च्या सोलापूर महापालिकेत २६ प्रभाग आणि १०२ जागा होत्या. बहुतेक प्रभागांत चार मते द्यायची होती. अशा निवडणुकीत एकाच जागेवर दोनदा बटन दाबून दोन मते होत नाहीत. प्रत्येक जागेसाठी एकेक बटन दाबावे. एखाद्या जागेवर कोणीच नको असेल तर तेथे 'नोटा' दाबावे. शेवटची लांब बीप ऐकूनच बाहेर पडावे. १९५२ ची दोन मते आठवा, म्हणजे हे का सांगतो ते कळेल.

सोलापूरच्या उन्हात दुपारी रांगेत उभे राहणे म्हाताऱ्यांना झेपत नाही. त्यांना सकाळीच न्या. तरीही उशीर झाला तर घाबरू नका. वेळ संपताना जो रांगेत उभा आहे, त्याला चिठ्ठी मिळते आणि मतदान करू द्यावेच लागते. दार बंद झाले म्हणून रांग सोडू नका.

१९१९ साली साउथबरो समितीपुढे बाबासाहेबांनी अस्पृश्यांसाठी मताधिकार मागितला, तेव्हा तो मूठभरांचाच होता. संविधानाच्या कलम ३२६ ने तो सर्वांना मिळाला. तो पाचशेच्या नोटेला विकणे जितके लाजिरवाणे, तितकेच तो निष्काळजीपणाने गमावणेही. जयंतीला मिरवणुकीत हजारोंनी उतरणाऱ्या आपल्या तरुणांनी मतदानाच्या आदल्या रात्री आपल्या गल्लीची यादी घेऊन घरोघर जावे. एवढे केले तरी मोठे काम होईल.

जयभीम!