सोलापूरचा डॉक्टर आणि जगाची पंचायत

मे 1930. गांधीजींच्या अटकेची बातमी येताच सोलापूरचे गिरणी कामगार रस्त्यावर उतरले. गोळीबार झाला, शहर पेटलं आणि पोलीसच गाव सोडून गेले. तीनेक दिवस कारभार लोकांनी पाहिला. 12 मे रोजी मार्शल लॉ लागू झाला आणि डोक्यावरची गांधी टोपीसुद्धा लष्कराच्या डोळ्यांत खुपू लागली. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी दिलं.

याच काळात हिंदुस्थान जिनिव्हाच्या राष्ट्रसंघाचा संस्थापक सदस्य म्हणून वर्गणी भरत होता. प्रतिनिधी मात्र ब्रिटिश सरकारच्या पसंतीचे. सोलापूरचं गाऱ्हाणं तिथे मांडणार कोण?

त्याच वर्षी, सप्टेंबर 1931 मध्ये, जपानने मांचुरियात सैन्य घुसवलं. राष्ट्रसंघाने चौकशी आयोग नेमला. अध्यक्ष लॉर्ड लिटन, म्हणजे बंगालचे माजी गव्हर्नर. त्यांच्याच कारकिर्दीत सुभाषबाबूंना खटल्याविना मंडालेच्या तुरुंगात डांबलं होतं. आयोगाचा अहवाल आला ऑक्टोबर 1932 मध्ये. तोवर जपानने तिथे आपल्या कह्यातलं राज्य उभं करून त्याला मान्यताही दिली होती. वरातीमागून घोडं! फेब्रुवारी 1933 मध्ये ठराव झाला, तेव्हा जपानचे प्रतिनिधी सभागृहातून उठून गेले. पुढे काही नाही. 1936 साली हबसाणचा सम्राट हेले सेलासी जिनिव्हात येऊन दाद मागून गेला. त्याच्या पदरीही काही पडलं नाही.

1937 साली जपानने चीनवर सरळ चढाई केली. चिनी सेनापती चू ते यांनी वैद्यकीय मदतीसाठी पत्र लिहिलं ते नेहरूंना. काँग्रेसचे अध्यक्ष झालेल्या सुभाषबाबूंनी लोकांकडे वर्गणी मागितली आणि सप्टेंबर 1938 मध्ये पाच डॉक्टर मुंबईहून बोटीने निघाले. त्यांत नागपूरचे चोळकर होते आणि सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस, वय 27. चार सहकारी यथावकाश परतले, कोटणीस राहिले. आघाडीजवळ शस्त्रक्रिया केल्या, बेथून रुग्णालय सांभाळलं, चिनी परिचारिकेशी लग्न केलं. डिसेंबर 1942 मध्ये, मुलगा काही महिन्यांचा असताना, अपस्माराने गेले. ज्या देशाला स्वतःचं परराष्ट्र धोरण नव्हतं, त्या देशातल्या लोकांच्या वर्गणीतून हे घडलं. जिनिव्हातल्या सगळ्या ठरावांपेक्षा मला ते मोठं वाटतं.

दहशतवादाच्या बाबतीतली गंमत तर वेगळीच. 1934 मध्ये मार्सेयला युगोस्लाव्हियाच्या राजाची हत्या झाली, म्हणून राष्ट्रसंघाने 1937 साली दहशतवादविरोधी करार केला. 24 देशांनी सह्या ठोकल्या. त्याला मंजुरी दिली एकट्या हिंदुस्थानने, अर्थात ब्रिटिश सरकारने. करार कधी अमलात आलाच नाही. स्वतंत्र भारताने 1996 साली युनोपुढे सर्वंकष कराराचा मसुदा ठेवला, तोही अजून लटकलेलाच आहे. दहशतवादी कोणाला म्हणायचं आणि परकीय सत्तेविरुद्ध लढणाऱ्याला त्यातून वगळायचं का, यावर घोडं अडलं. हा वाद निव्वळ शब्दच्छल आहे, असं सोलापूरकराला तरी म्हणता येणार नाही. पोलिसांच्या खुनाचा ठपका ठेवून फासावर चढवलेल्या चौघांचे पुतळे आपण चौकात उभारले आहेत.

पण 26/11 ला असली कोणतीही अडचण नव्हती. मुंबईत 166 माणसं मारली गेली आणि पंधरवड्यात हल्ल्यामागचा सूत्रधार हाफिज सईदचं नाव युनोच्या निर्बंध यादीत आलं. यादीत आलं, पण पाकिस्तानातला त्याचा वावर थांबला नाही. पाकिस्तानातलाच दहशतवादी म्होरक्या मसूद अझहर, त्याची संघटना 2001 पासून यादीत होती; खुद्द त्याचं नाव घालायला मे 2019 उजाडलं. पठाणकोटच्या हल्ल्यानंतर भारताने प्रस्ताव दिला तेव्हा चीनने ‘तांत्रिक’ कारण काढून तो रोखला, आणि पुन्हा पुन्हा रोखला. ही यादी ठरवणाऱ्या सुरक्षा परिषदेच्या समितीत पंधरा सदस्य. एकाने जरी हात आडवा घातला तरी काम थांबतं, आणि त्याची जाहीर कारणं द्यावी लागत नाहीत. दरम्यान पुलवामाचा हल्ला झाला, बुलढाणा जिल्ह्यातले दोन जवान गेले. जून 2023 मध्ये 26/11 च्या कटातल्या साजिद मीरचं नावही चीननेच अडवलं. भारतात आलेले चिनी नेते कोटणीसांच्या नातलगांना आवर्जून भेटत आले आहेत. 2013 साली पंतप्रधान ली केचियांगही मुंबईत भेटले होते. त्या भेटींबद्दल आकस नाही. पण कोटणीसांचं नाव घ्यायचं आणि मुंबईच्या मारेकऱ्यांवर पांघरूण घालायचं, हे एका तोंडाने शोभत नाही.

22 एप्रिल 2025 रोजी पहलगाममध्ये 26 जण मारले गेले, त्यांत सहा महाराष्ट्रातले. सुरक्षा परिषदेने निषेधाचं पत्रक काढलं, पण जबाबदारी घेणाऱ्या ‘टीआरएफ’ या संघटनेचं नाव त्यात नव्हतं; ते आम्हीच गाळायला लावलं, असं पाकिस्तानच्या परराष्ट्रमंत्र्यांनी त्यांच्या संसदेत सांगितलं. पाकिस्तान तेव्हा परिषदेचा अस्थायी सदस्य होता. जूनमध्ये परिषदेच्या दहशतवादविरोधी समितीच्या उपाध्यक्षांत त्याची वर्णी लागली.