मोनॅको: सकाळी जाऊन संध्याकाळी परत

मोनॅकोत मुक्काम करायचा नाही, एवढं ठरवलं की बाकीचं गणित सोपं होतं. हा देश महाग म्हणून ओळखला जातो तो तिथली हॉटेलं, घरांचे भाव आणि बंदरातल्या यॉटींमुळे. पण देश आहे जेमतेम दोन चौरस किलोमीटरचा. व्हॅटिकन सोडलं तर जगातला सर्वांत लहान. या टोकापासून त्या टोकापर्यंत तासाभरात चालत जाता येतं. म्हणून शेजारच्या फ्रान्समध्ये, नीस शहरात राहायचं, सकाळच्या गाडीने मोनॅकोला जायचं आणि रात्रीच्या जेवणाला नीसला परतायचं. पैसे कमी म्हणून केलेली ही तडजोड आहे, असं मानायचं कारण नाही. मोनॅकोचं वैभव उभं राहिलं तेच मुळी रेल्वेने येणाऱ्या पाहुण्यांवर.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोनॅको गरीब संस्थान होतं. मेंतोन आणि रोकब्रुन ही दोन गावं १८४८ मध्ये त्याच्यापासून फुटली आणि १८६१ मध्ये राजे शार्ल तिसरे यांनी ती चाळीस लाख फ्रँकना फ्रान्सला देऊन टाकली. त्याबरोबर बहुतेक सगळी जमीन गेली, लिंबू-ऑलिव्हच्या बागांचं उत्पन्नही गेलं. उरला समुद्रात घुसलेला एक खडक आणि त्याच्या आसपासचे उतार. जुगारघर काढून पैसा उभा करायचे आधीचे प्रयत्न फसले होते, कारण तिथे पोहोचणंच कठीण होतं. १८६३ मध्ये जर्मनीतल्या बाड होम्बुर्गचं कॅसिनो नावारूपाला आणणारे फ्रान्स्वा ब्लां यांनी हा धंदा हाती घेतला. १८६६ मध्ये कॅसिनोच्या टेकडीला राजाच्या नावावरून मॉन्टे कार्लो म्हणू लागले. १८६८ मध्ये नीसहून रेल्वे आली आणि चित्र पालटलं. पुढच्याच वर्षी राजाने प्रजेचे प्रत्यक्ष कर माफ केले. श्रीमंत लोक तिथे राहायला येतात ते ज्या करमाफीमुळे, तिचा उगम असा पाहुण्यांच्या खिशात आहे. तेव्हा पाठीवर पिशवी घेऊन स्टेशनात उतरताना संकोच वाटू देऊ नका.

आता प्रत्यक्ष जाण्याचं. मोनॅको युरोपीय संघात नाही, पण फ्रान्समधून तिथे जाताना सीमेवर नेहमीची तपासणी होत नाही. फ्रान्ससाठी घेतलेला शेंगेन व्हिसा पुरतो, मोनॅकोचा वेगळा व्हिसा काढावा लागत नाही. चलन युरोच आहे. पासपोर्ट मात्र जवळ ठेवा. एक गोष्ट लोकांच्या लक्षात राहत नाही: युरोपात चालणारं प्रत्येक सिमकार्ड मोनॅकोत त्याच दरात चालेलच असं नाही. तुमच्या पॅकमध्ये मोनॅको आहे का ते आधी बघा. नसेल तर नीसमध्येच नकाशा फोनवर उतरवून घ्या आणि मोनॅकोत डेटा बंद ठेवा.

नीसच्या मुख्य स्टेशनातून, म्हणजे नीस-व्हिलहून, टीईआर नावाच्या प्रादेशिक गाड्या दिवसभर सुटतात. वीस-पंचवीस मिनिटांचा प्रवास, आणि एका बाजूचं तिकीट साधारण पाच युरोच्या आसपास. या गाड्यांना आरक्षण नसतं, त्यामुळे महिनाभर आधी तिकीट काढायची धडपड करू नका. फलकावर गाडीचं शेवटचं स्टेशन लिहिलेलं असतं. मोनॅकोकडे जाणारी गाडी बहुधा मेंतोनची किंवा इटलीतल्या व्हेन्तिमिल्याची असते, आणि व्हेन्तिमिल्याचं नाव फ्रेंचमध्ये व्हँतिमिय असं लिहितात. जाताना उजव्या बाजूच्या खिडकीत बसा, समुद्र त्या बाजूला आहे. व्हिलफ्रांशचा उपसागर दिसतो, मग बोगदा, पुन्हा पाणी, पुन्हा बोगदा.

बसही आहे. किनाऱ्याच्या रस्त्याने जाते, तिकीट रेल्वेच्या साधारण निम्मं आणि नजारा रेल्वेपेक्षा सरस. वेळ मात्र दुप्पट लागतो आणि उन्हाळ्यात उभं राहावं लागतं. जाताना रेल्वे धरावी असं माझं मत आहे, कारण सकाळची वेळ मोलाची असते. बसची हौस येताना भागवता येते. नीसच्या विमानतळावरून सात मिनिटांत मोनॅकोला पोहोचवणारं हेलिकॉप्टरही आहे, पण त्याचा विचार या लेखात नको.

वेळ निवडताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. मोनॅकोत राहणारी माणसं चाळीस हजारांच्या आत आणि नोकऱ्या त्याहून जास्त. रोज हजारो कामगार, कारकून, स्वयंपाकी, परिचारिका फ्रान्स आणि इटलीतून तिथे येतात, कारण पगार मिळतो त्या गावात घर परवडत नाही. सकाळी आठची गाडी त्यांची. नऊ-साडेनऊनंतर निघालं तर त्यांनाही गर्दी होत नाही आणि तुम्हालाही बसायला मिळतं.

मोनॅकोचं स्टेशन १९९९ पासून डोंगराच्या पोटात आहे. बाहेर पडण्याचे मार्ग अनेक, आणि ते वेगवेगळ्या उंचीवर उघडतात. इथेच बहुतेक लोक गोंधळतात, कारण कागदी नकाशा सपाट असतो आणि हा देश उभा आहे. नकाशावर शंभर मीटर दूर दिसणारी जागा प्रत्यक्षात दहा मजले वर असू शकते. त्यावर सरकारने उपाय करून ठेवला आहे: शहरभर सार्वजनिक लिफ्ट आणि सरकते जिने, सगळे फुकट. जिना चढायला लागण्याआधी लिफ्टची पाटी शोधायची सवय लावून घ्या. म्हाताऱ्या आई-वडिलांना बरोबर नेणार असाल तर हीच गोष्ट दिवस तारून नेईल.

आधी खडकावर जायचं, त्याला ल रोशे म्हणतात. स्टेशनातून प्लास दार्मच्या दिशेचा मार्ग धरायचा आणि तिथून फरसबंद चढाने वर. राजवाड्यासमोर पहारा बदलण्याचा सोहळा ११ वाजून ५५ मिनिटांनी होतो, तो पाहायला पैसे नाहीत. साडेअकरापर्यंत पोहोचलात तर पुढे उभं राहता येतं. चौकाजवळ भिक्षूच्या वेषातला एक पुतळा आहे, झग्याखाली तलवार. १२९७ मध्ये फ्रान्स्वा ग्रिमाल्दी याने भिक्षूचं सोंग घेऊन हा किल्ला काबीज केला अशी परंपरा आहे, आणि राजचिन्हावरही तलवारी घेतलेले दोन भिक्षू आहेत. आजचं राजघराणं ग्रिमाल्दीच.

तिथून गल्ल्यांतून पाच मिनिटांवर कॅथेड्रल. प्रवेश मोफत, पण खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. हॉलिवूडची अभिनेत्री ग्रेस केली १९५६ मध्ये राजे रेनिए तिसरे यांच्याशी लग्न करून इथे आली, १९८२ मध्ये मोटार अपघातानंतर गेली. तिची समाधी आत आहे, साधी शिळा, त्यावर लॅटिनमध्ये नाव. रेनिए शेजारीच आहेत. पुढे सँ मार्तँची बाग, समुद्रावर लटकल्यासारखी, तीही मोफत. बागेला लागून सागरी संग्रहालय. दिवसभरात एकाच ठिकाणी तिकीट काढायचं असेल तर ते इथे काढा, असं मी आग्रहाने सांगेन. तिकीट वीस युरोच्या आसपास पडतं. समुद्रविज्ञानाचं वेड असलेले राजे आल्बेर पहिले यांनी ते उभारलं, १९१० मध्ये ते उघडलं, आणि पुढे समुद्रशोधक झाक कुस्तो तीसेक वर्षं त्याचे संचालक होते. कड्याच्या उभ्या भिंतीवर बांधलेली ही इमारत थेट समुद्रातून वर आल्यासारखी दिसते. मुलं बरोबर असतील तर इथे दोन तास सहज जातात.

जेवायला खडकावरच्या हॉटेलांत बसू नका. खाली उतरून प्लास दार्मवर या, तिथे काँदामिनचा बाजार १८८० पासून भरतो. आतल्या गाळ्यांवर तिथलं खरं खाणं मिळतं आणि बसायला बाकंही आहेत. दुपारी दोननंतर गाळे आवरायला लागतात, म्हणून एकच्या सुमाराला पोहोचा. सोका मागा: चण्याच्या पिठात पाणी आणि ऑलिव्ह तेल घालून भट्टीत भाजलेली, कडेला करपलेली, वर मिरपूड घातलेली, आपल्या बेसनाच्या धिरड्याची सख्खी बहीण. बार्बाज्वान हा मोनॅकोचा मानाचा पदार्थ, पालेभाजी आणि ताजं चीज भरून तळलेला. शाकाहारी मंडळींनी सारणात अंडं किंवा मांस आहे का ते विचारून घ्यावं. आणि कांदा पसरलेली पिसालादिएर दिसायला निर्धोक असली तरी तिच्यात खारवलेले अँचोव्ही मासे असतात, हे आधीच सांगून ठेवतो. दहा-बारा युरोंत पोट भरतं.

दुपारनंतरचा भाग मला सर्वांत आवडतो. फॉर्म्युला वनची शर्यत ज्या ३.३३७ किलोमीटरच्या वाटेवर होते, ती वाट म्हणजे गावातले रोजचे रस्ते, आणि एरवी तुम्ही त्यांच्या फुटपाथवरून खुशाल चालू शकता. १९२९ पासून ही शर्यत होते. बंदराच्या कोपऱ्यात सेंत देव्होतचं छोटं चर्च आहे, पहिलं वळण त्याच्याच नावाचं. तिथून चढ चढत कॅसिनोच्या चौकात. चढ नको असेल तर बंदर ओलांडणारी छोटी विजेची बोट घ्या, तिकीट साधारण दोन युरो, आणि पलीकडून लिफ्टने वर जा. कॅसिनोपुढे उतार लागतो आणि ते प्रसिद्ध केसपिनेसारखं वळण येतं, जिथे शर्यतीत वेग ताशी ५० किलोमीटरच्या आसपास आणावा लागतो. पुढे बोगदा, त्यातही पायवाट आहे. आयर्टन सेना या वाटेवर सहा वेळा जिंकला. इथेच वाढलेला शार्ल लक्लेर २०२४ मध्ये जिंकला, तेव्हा १९३१ मधल्या लुई शिरोंनंतर प्रथमच मोनॅकोचा माणूस जिंकला होता. बोगद्यात चालताना शेजारून जाणाऱ्या साध्या मोटारींचा घुमणारा आवाज ऐकला, की शर्यतीच्या दिवशी तिथे काय होत असेल त्याची कल्पना येते. ती कल्पना कुठलंही तिकीट देत नाही.

कॅसिनोबद्दल थोडं. दर्शनी दालनापर्यंत फुकट जाता येतं, आणि संगमरवरी खांब, छतावरची कारागिरी बरीचशी तिथूनच दिसते. पॅरिसचं ऑपेरागृह बांधणारे शार्ल गार्निए यांनीच १८७९ मध्ये इथलं ऑपेरा दालन बांधलं. पुढच्या दालनांना तिकीट आहे. जुगाराची टेबलं दुपारी सुरू होतात, अठरा वर्षांखालच्यांना प्रवेश नाही, पासपोर्ट लागतो आणि चपला-हाफपँट चालत नाही. मोनॅकोच्या नागरिकांना स्वतःला मात्र इथे खेळायला कायद्याने बंदी आहे. चौकातल्या कॅफेत बसायचं की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. तिथे कॉफीपेक्षा खुर्चीचं भाडं जास्त द्यावं लागतं. बसायचंच असेल तर आधी दरपत्रक वाचा. अन्यथा समोरच्या बागेत बाकं आहेत, आणि मोटारी तिथूनही तेवढ्याच दिसतात.

केसपिनेच्या त्या वळणानंतर समुद्राकडे उतरलं की जपानी बाग लागते, मोफत आणि शांत. पुढे लार्व्होत्तोचा सार्वजनिक किनारा. खाजगी छत्र्या-खुर्च्यांचे पैसे पडतात, वाळूचे नाहीत. टॉवेल आणि पोहण्याचे कपडे पिशवीत ठेवा, तासभर पाण्यात घालवा. पोहून झालं की अंग पुसून नीट कपडे घाला. उघड्या अंगाने किंवा अनवाणी गावात फिरायला मनाई आहे.

हिशेब मांडायचा तर रेल्वे जाऊन-येऊन दहा, जेवण बारा, बोट आणि किरकोळ पाच: संग्रहालय वगळून तीस युरोंच्या आत, संग्रहालय धरून पन्नासच्या आत. पाण्याची बाटली नीसहून भरून न्या. शर्यतीच्या आठवड्यात मात्र हा बेत आखू नका. तेव्हा रस्ते बंद असतात, आणि नीसमधल्या खोल्यांचे भावही चढतात. त्याआधीचे काही आठवडे प्रेक्षकांच्या मचाणी उभारण्यात जातात आणि बंदराचा देखावा झाकला जातो. सप्टेंबरअखेरच्या यॉट प्रदर्शनातही तसंच. एप्रिलची सुरुवात किंवा ऑक्टोबर उत्तम.

परतीला पाच ते साडेसहा ही वेळ टाळा, सकाळी आलेले सगळे नोकरदार तेव्हा परत निघतात. फलाटावर नीसचं नाव बघूनच चढा, कारण इटलीकडची गाडीही तिथूनच जाते. फ्रान्समध्ये रेल्वेचा संप अधूनमधून होतो, त्यामुळे निघायच्या आदल्या संध्याकाळी गाड्या बघून घ्या. गाड्या बंद असल्या तर बस आहेच. तिचे थांबे आणि शेवटच्या फेरीची वेळ मात्र सकाळीच टिपून ठेवा.