पुणे सिटीला दरवर्षी नवा कोच का लागायचा?

एफसी पुणे सिटीने नवा कोच जाहीर केला की चाहत्यांत वाद ठरलेला: नाव मोठं हवं, की आहे त्यालाच वेळ द्यावा? आयएसएलचे पहिले हंगाम जेमतेम अडीच महिन्यांचे, त्यामुळे निकाल लागला नाही की कोच बदलणं सोपं. २०१४ ला कोलोंबा, मग डेव्हिड प्लॅट, मग हबास. हबास तर कोलकात्याला पहिलं विजेतेपद मिळवून देऊन आलेले. बालेवाडीत त्यांचंही जमलं नाही. संघाला उपांत्य फेरीत नेलं ते पोपोविच यांनी, २०१७-१८ मध्ये. पुढच्या हंगामात तेही नव्हते! त्यांच्यानंतरचे पोर्तुगाल मोजक्या सामन्यांतच गेले, मग हंगामी रेड्डी, मग फिल ब्राऊन. २०१९ मध्ये क्लबच बंद पडला. ब्राऊन मात्र त्या जागी आलेल्या हैदराबादचे कोच झाले.